शुक्रवारच्या आत एक कार्ड

‘ती चार दिवस माहेरी गेली की काढून टाकू, तिला कळायचंही नाही’ — असं माझा नवरा सासूबाईंना सांगत होता, काका, मी दाराआडून ऐकलं. आणि मला वाटलं, आमच्या खोलीतलं डुगडुगतं कपाट काढतायत. बरं वाटलं हो, म्हटलं आपली कुणाला तरी काळजी आहे. — नाही, तो ढीग मी बघितला. काळं, जुनं कॉम्प्युटरचं मशीन होतं, परवाच तुमच्याकडे भंगारात आलंय. मशीन नकोच मला, आतलं कार्ड हवंय, तळहाताएवढं, हिरवं, तार लावायची खाच असलेलं. नवीन घ्या म्हणताय? तीच तर गोम आहे, कंपनीने ते बनवणं कधीच सोडलं. पण कुठे कुठे अजून चालतंय, आणि ते चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात — त्याला वाली नव्हता, म्हणून चार वर्षं मी सांभाळतेय. फुकट, हो. सगळे असंच बघतात माझ्याकडे. एकटा नवराच तसं बघत नव्हता — लग्न ठरताना म्हणाला, दाखव ना कसं करतेस, आणि तासभर टॉर्च धरून बसला. मी त्या टॉर्चवरच भाळले, दुसरं काय — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय.

आता शुक्रवारपर्यंत खऱ्या कार्डावर चालवून दाखवायचं, नाहीतर ज्या मोठ्या सिस्टिममध्ये तो ड्रायव्हर बसतो, तिच्या पुढच्या आवृत्तीतून आमची मंडळी तो वगळणार. नियमच आहे — आणि गंमत म्हणजे त्याच्या बाजूने मीही मत दिलं होतं. डोंगरावरच्या वेधशाळेतल्या एक बाई पत्रावर पत्र धाडतायत, आमची पावसाची मोजणी याच कार्डातून खाली जाते, वगळू नका. मी शब्द देऊन बसले. कार्ड घरातल्या मशीनमध्ये होतं ना, लग्न होऊन आले तेव्हा माहेरून ते मांडीवर घेऊन आले होते.

काल परत आले, तर मशीनच्या जागी ड्रेसिंग टेबल. माझ्यासाठीच, म्हणे. — सापडलं? बघू. नाही, हे वेगळं. असू दे काका, हात धुवा तुम्ही, मी निघते. भांडले? छे, आवाज चढतच नाही माझा. काल रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप नवऱ्यापुढे सरकवला आणि सासूबाईंच्या देखत म्हटलं, ‘वेधशाळेतल्या बाईंना तू कळव. कारणही लिही — खोलीत ड्रेसिंग टेबल मावत नव्हतं.’