टर्बोची शीळ आणि दहावी पिशवी

"…भोकरखिंडीत शीळ ऐकू आली ना, की गाडी बंद पडते. मग ते मागतं. आणि नाही दिलं तर—"

एवढंच ऐकलं बघा! तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि घर्रर्र! बोलत होती वरच्या आळीची सोनाक्का. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द एक ऐकू येईना. मी डबा टाकून तिच्या तोंडाशी कान नेला, तोवर तिचं सांगून झालं होतं. म्हणाली, "असलं एकदाच सांगायचं असतं. दुसऱ्यांदा सांगितलं की ते ऐकतं."

ऐका, पुढं सरका जरा. अर्धवट ऐकलेलं माझ्या पोटात राहत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. त्या रात्री मी एक काम केलं. काय केलं ते शेवटी सांगते, आत्ता विचारू नका.

माझ्या शेजारी गिरणीत द्वारका उभी होती. आमची भिंतीला भिंत. ती आपली हसली. "मावशी, गिऱ्हा टाक्यात राहतो, त्याला गाडीतलं काय कळतंय?"

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. खिंडीच्या माथ्यावर ते कातळात कोरलेलं जुनं टाकं आहे ना, त्यातला. मासे घेऊन जाणाऱ्याच्या मागं लागतो म्हणतात. आणि द्वारका दुसऱ्या दिवशी काय आणायला निघाली होती? मासेच!

त्या वर्षी आमच्या गटातल्या पंधरा बायकांनी गावचा तलाव घेतला होता, मासे वाढवायला. पारावरचे बाप्ये खो खो हसले. "बायका मासे वाढवणार? तळायच्या आधीच मारतील!" सरपंचांनी तर सगळ्यांपुढं सांगून टाकलं, पहिलं बी मेलं तर तलाव परत. म्हणजे त्या एका खेपेवर आमचं सगळं लटकलं होतं. मासळीचं बी म्हणजे बोटाएवढी पिल्लं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी, वर फुगवून भरलेला ऑक्सिजन, तोंडाला रबर. अशा दहा पिशव्या. बीज केंद्रावरचा माणूस म्हणाला, "बाई, रात्री दहाच्या आत पाण्यात सोडा. दहानंतर माझ्या नावानं ओरडू नका."

त्यानं पिशव्या भरून देईपर्यंत दिवेलागण झाली. मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम, तिकडून तीन तासांचा फेरा. खिंडीतून पाऊण तास. द्वारकानं काय केलं असेल?

गाडी खिंडीत घातली!

गाडी म्हणाल तर द्वारकाचीच, अठरा वर्षांची जुनी जीप. टर्बो. टर्बो म्हणजे काय ते मला विचारू नका. द्वारका म्हणते, इंजिनाला जादा हवा कोंबणारा पंखा असतो, चढाला जोर लागला की बारीक शीळ घालतो. तिला गाडी शिकवली बाबालाल मिस्त्रींनी. भला माणूस, दोन वर्षांमागं गेला. त्यांचं एकच सांगणं: "बाय, डिझेल गाडीला तीन गोष्टी लागतात. फिरायला ताकद, प्यायला डिझेल, घ्यायला हवा. गाडी बंद पडली की घाबरू नको, तिन्ही एकेक करून विचार."

तर ऐका. चढ लागला. टर्बोनं शीळ घातली. नेहमीचीच. पण त्या दिवशी ती वाढतच गेली. बारीक, उंच, रडल्यासारखी. दुसरं वळण. तिसरं वळण. गाडीला दम लागला. मागून काळाकुट्ट धूर निघाला आणि टाक्याच्या अगदी समोर गाडी, धाप टाकून, बंद!

सगळं गप्प. रातकिडासुद्धा नाही. आणि शीळ?

शीळ चालूच!

इंजिन बंद, पंखा बंद, आणि टाक्याच्या बाजूनं शीळ येतेच आहे. मागं पिशव्यांत पिल्लांची चुळबुळ चाललेली. तिनं मोबाईलमध्ये पाहिलं, आठ वाजून दहा मिनिटं. रेंज नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "पहिली गोष्ट, ताकद!" आणि सेल्फ मारला. खर्र खर्र खर्र. इंजिन दणकून फिरलं, दिवेही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण गाडी काही पेटेना.

शीळ थांबली. आणि हाक आली.

"द्वारकेऽऽऽ…"

ऐका, अशा हाकेला ओ द्यायची नसते. द्वारकाला हे माहीत होतं. तिनं ओ दिली नाही. तिनं काय केलं? तिनं शिवी दिली! चांगली खणखणीत. पोरं बसलीत म्हणून सांगत नाही.

बॉनेट उघडलं. मोबाईलचा उजेड दातांत धरला. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर तो छोटा हातपंप असतो ना, तो अंगठ्यानं दाबला. कडक लागला. म्हणजे डिझेल पोचतंय. तेवढ्यात मागच्या बाजूला चप्प, चप्प. ओल्या पायांचा आवाज. कोणीतरी गाडीभोवती फिरत होतं. आणि मग शेजारूनच, अगदी कानाशी, माणसासारखा माणसाचा आवाज:

"गाडीनं एअर घेतलीय. पाइपाचा नट सोड, द्वारका."

बाबालाल मिस्त्री!

तोच घोगरा आवाज. तीच खोकल्याची उबळ. द्वारकाचे डोळे भरून आले हो. हात आपोआप पान्याकडं गेला. नट सोडला असता तर काय झालं असतं, माहीत आहे? एअर घेणं म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरणं; ती शिरलीच नव्हती, नट सोडल्यावर शिरली असती आणि सकाळपर्यंत गाडी तिथंच. पाना नटाला लागला. आणि ती थांबली.

मिस्त्री तिला बाय म्हणायचे. जन्मात कधी नावानं हाक मारली नाही त्यांनी. आणि पाना उचलायच्या आधी दहा वेळा विचार करायला लावायचे.

"मिस्त्रींच्या तोंडानं बोलतोस व्हय रे?" दातांतला मोबाईल हातात घेत ती ओरडली. "लाज वाटत न्हाई? मेलेल्या माणसाचा आवाज चोरतोस?"

आवाज हसला. आता तो मिस्त्रींचा राहिला नव्हता. पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा झाला. "एक दे. एकच पिशवी दे. गाडी सुरू करून देतो."

"एक देणार न्हाई. एका पिशवीतलं एक पिल्लूबी देणार न्हाई! पंधरा जणींचं आहे ते."

"मग बस इथंच. मरू देत सगळी."

धाड्कन बॉनेट खाली आलं! डोकं थोडक्यात वाचलं. तिनं परत उचललं. परत खाली दाबलं गेलं. तिनं खांद्यावर पेललं आणि तशीच वाकून उभी राहिली. पावणेनऊ झाले होते. डोकं मात्र शांत. आठव, ती स्वतःशीच म्हणाली, धूर कसला होता? काळा. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, जळायला हवा कमी. ताकद आहे. डिझेल आहे. मग राहिलं काय?

हवा!

गाडी जिथून हवा ओढते त्या पाइपाच्या तोंडात तिनं हात घातला. बोटांना काहीतरी लागलं. मऊ. कापडासारखं. आत बुचासारखं घट्ट बसलेलं. तिनं मोबाईल परत दातांत धरला आणि पक्कड लावून ओढलं.

आणि ते आतून ओढलं गेलं!

हो! इकडून द्वारका ओढते, तिकडून कोणीतरी ओढतंय. तिच्या मनगटावर गार, ओला हात पडला. शेवाळाचा वास. "एक दे," कानात बुडबुडे. तिनं पाय बंपरला रेटला, दातांतला मोबाईल खाली पडला, अंधार गुडूप, आणि ओरडली, "माझ्या गाडीचं नाक सोड, मेल्या!" आणि हिसका दिला.

फट्! आलं बाहेर. तिनं न बघता ते पदरात खोचलं, चाचपडून मोबाईल उचलला, बॉनेट आपटलं, सीटवर उडी, सेल्फ.

खर्र… धडाड्!

एका दमात पेटली! मागं एकदा काळा ढग, मग स्वच्छ. द्वारकानं गिअर टाकला आणि उतार धरला. बाजूनं चप्प चप्प पावलं पळत होती, गाडीच्या वेगानं! पहिलं वळण, दुसरं वळण. आमच्या शिवेवरचा म्हसोबा आला आणि पावलं थांबली.

तलावावर आम्ही चौदा जणी कंदील घेऊन उभ्या. साडेनऊ. द्वारकानं गाडी लगेच बंद केली नाही. टर्बोची गाडी मिनिटभर चालू ठेवायची आणि मग बंद करायची, मिस्त्रींची शिकवण. मिनिट झालं, किल्ली फिरवली, मगच खाली उतरली.

पिशव्या आधी तशाच बंद पाण्यावर तरंगत ठेवायच्या असतात. ठेवल्या. कंदील धरून एकेक बघितली. पहिलीत पिल्लं नाचतायत. दुसरीत नाचतायत. अशा नऊ. आणि दहावी?

रबर जसंच्या तसं. टम्म फुगलेली. टाचणीएवढं भोक नाही. आत स्वच्छ पाणी. आणि मासा एक नाही.

मग द्वारकानं पदरात खोचलेलं काढलं. लाल फडक्याचं गाठोडं. आत लिंबू, बिब्बा, खडेमीठ.

आता सांगते. ते मी बांधलं होतं! मला वाटलं, भूत शिरायचं तर वारा शिरतो तिथूनच शिरणार, म्हणून आदल्या रात्री जाऊन बरोब्बर गाडीच्या नाकावर बांधलं. जाताना रिकामी गाडी, म्हणून टिकलं; येताना पिशव्यांचं ओझं, चढाला टर्बोनं जोरात हवा ओढली आणि गाठोडं आत. द्वारकानं माझ्याकडं पाहिलं, मी कंदिलाकडं. मग ती जी हसायला लागली, आम्ही पंधराही जणी रडेपर्यंत हसलो.

दुसऱ्या दिवशी सोनाक्काला गाठलं. नाही दिलं तर काय, ते सांगितल्याशिवाय हलत नाही म्हटलं. ती कुजबुजली, "नाही दिलं तर माणूस घेतं."

तर ते काही खरं नाही. माणूस आलं परत. गाडी बंद पडली ती माझ्यामुळं. निम्मी शीळ टर्बोची. पण इंजिन बंद पडल्यावरची शीळ कुणाची? आणि दहाव्या पिशवीतलं कुणी नेलं? ते मला विचारू नका.

तलाव आमच्याकडंच राहिला. पुढच्या वर्षी मी म्हटलं, द्वारका, एक पिशवी जास्त आण, टाक्यात सोडून दे, तंटा मिटेल. तर म्हणाली, "मावशी, शीळ घालून मागणाऱ्याला मी काही देत नसते." आणि दहाच पिशव्या घेऊन खिंडीतूनच आली. दहाच्या दहा जिवंत.

पण ऐका, तुम्ही दिवेलागणीनंतर त्या वाटेनं जायचं नाही. मासे घेऊन तर नाहीच नाही. तुम्ही काही द्वारका नाही.

आणि जाणारच असाल, तर निदान मला आधी सांगू नका.