कलम सातमधल्या कोंबड्या

नव्या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला संसदेची समिती बसली होती. दाराबाहेरच्या बाकावर एक म्हातारा घड्याळजी आपल्या पाळीची वाट बघत होता. शेजारी एक सासूबाई बसल्या होत्या. त्यांची सून आपलं मत मांडून नुकतीच बाहेर आली.

“झालं का माझ्या कोंबड्यांचं वाटोळं करून?”

“आई, हळू. शहरातल्या घरांत कोंबड्या नकोत, हे कलम सात बरोबरच आहे म्हटलं मी.”

“फितूर! आणि एकाच बसने आलो गं आपण.”

“रात्रपाळी करून मी आडवी होते, तोच तुमचा कोंबडा उशाशी आरवतो. त्याचं काय?”

“तुझं स्वागत करतो तो.”

“पुढचं ऐका तरी. मी एक दुरुस्ती सुचवली. कोंबडा नको, पण साठी ओलांडलेल्यांना चार कोंबड्यांची सूट द्या म्हटलं. सगळ्यांनी लिहून घेतलं.”

“साठी?”

“हो. आता ते तुम्हाला वय विचारतील.”

“मी तर पंचावन्न सांगते.”

“शेजारणींना त्रेपन्न.”

“आत कोण कोण आहे?”

“सगळे सदस्य, आणि वार्ताहर.”

“अगं बाई! पन्नाशीची सूट मागता येत नव्हती?”

“मग निम्मं शहर कोंबड्या पाळेल, आई.”

शिपायाने हाक मारली. सासूबाई उठल्या आणि घड्याळजीकडे वळल्या.

“तुम्ही काही ऐकलं नाही हं, भाऊ.”

“मला कमीच ऐकू येतं, ताई.”

त्या आत गेल्या. दार पुरतं लागायच्या आतच त्यांचा खणखणीत आवाज बाहेर आला.

“बासष्ट पूर्ण! आता कोंबड्यांचं बोला.”