पांढऱ्या मेणखडूने उजळलेल्या रायफलीबाबतची तक्रार मागे घेत असल्याचा जबाब

प्रभूची कृपा व शांती या ठाण्यात वसो.

मी, हॅल्वर्ड ट्वेटन, वय ८१ वर्षे, निवृत्त लुथरन पाळक, राहणार टॅमरॅक रस्ता, एल्व्हडाल, मिनेसोटा, समक्ष हजर राहून जबाब देतो की,

वीस वर्षांपूर्वी मी स्विस पायदळाची एक जुनी लष्करी रायफल विकत घेतली. तिच्यावरचे वाळलेले ग्रीस मी कधीही काढले नाही. काळाने उमटवलेल्या खुणांना संग्राहकाने हात लावू नये, असे माझे मत होते. माझ्या वहीत तिचा क्रमांक २८४१६ असा आहे.

गुरुवारी मी ती माझा मित्र अर्व्हिड नेस्टेगार्ड, वय ७४, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारा, याच्याकडे नवा पट्टा बसवण्यासाठी दिली. आज शनिवारी सकाळी नऊ वाजता माजी सैनिकांच्या सभागृहातील जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर जी रायफल होती, तिच्यावर ठशाने उमटवलेला स्विस क्रूस, कारखान्याची खूण व आकडे बर्फासारखे शुभ्र दिसत होते. क्रमांक ८२८४१६ होता.

"ओळखलीत का, पाळकबाबा?" अर्व्हिडने हसत विचारले.

"माझी कुठं आहे?"

"अहो, हीच! ठशांत मेणखडू घासला, वरचा फडक्यानं पुसला. अक्षरं वाचता येईनात, मला चैन पडेना."

"आणि आकडा खडूनं वाढला?"

"तुमच्या प्रवचनासारखा आपोआप वाढला असेल."

लोक हसले. मला क्रोध आला. साडेनऊ वाजता मी रायफलीच्या अदलाबदलीची तक्रार दिली. डेप्युटी शेरीफ कॉलीन ब्रॅट यांनी अर्व्हिडला रायफलीसह ठाण्यात आणले. गुन्हा नोंदल्यास त्याच्या स्वतःच्या संग्रहातील अकराही रायफली जप्त होतील, असे त्यांनी मला बजावले. मी ठाम राहिलो. अर्व्हिडने टोपी काढून मांडीवर ठेवली.

दहा वाजून वीस मिनिटांनी डेप्युटी बाईंनी विचारले, "पाळकबाबा, तुमच्या रायफलीत वरून न दिसणारं काही आहे का?"

मी सांगितले की, स्विस सैनिक दस्त्याच्या टोकाच्या पत्र्याखाली आपल्या नावाची चिठ्ठी ठेवीत. माझ्या रायफलीत योस्ट आर्नेट, सुतार, अशी आहे. त्याच्यासाठी मी रोज सकाळी प्रार्थना करतो.

दोन स्क्रू काढले. योस्ट आर्नेट, सुतार, हीच चिठ्ठी निघाली.

"पहिल्या आकड्यावर ग्रीसचा डांबरासारखा थर होता," अर्व्हिड म्हणाला. "दात कोरायच्या काडीनं अर्धा तास खरवडलाय मी. वीस वर्षं अर्धवट नंबर घेऊन बसलात!"

उतावीळपणे कोणाचा न्याय करू नये, असे मी सेहेचाळीस वर्षे व्यासपीठावरून सांगितले. आज सकाळी ते पाळले नाही. अर्व्हिड निर्दोष आहे. माझी तक्रार मी मागे घेत आहे. सर्वांसमक्ष मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "केली. पण घरी आणखी सात काळ्याकुट्ट आहेत ना? त्याही सोमवारी माझ्याकडे पाठवायच्या." अट मला मान्य आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. क्रमांकाचे सहाही आकडे मी बोट ठेवून तपासले.

हा कागद वाचणाऱ्या सर्वांना परमेश्वर स्वच्छ दृष्टी, मंद क्रोध आणि क्षमाशील मित्र देवो. आमेन.