दोन्ही मुलगे संशोधनात

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. मधे डोळ्यावर पट्टी बांधलेल्या त्यांच्या सासूबाई.

"थोरला कुठाय गं?"

"विद्यापीठात, आई. मुंग्या एकमेकींना कशी मदत करतात, त्यावर त्यांचं व्याख्यान आहे."

"मुंग्यांचं बरं चाललंय म्हणायचं. आणि धाकटे, तुझा नवरा?"

"त्यांचा म्हातारपणातल्या एकटेपणावर प्रबंध आहे ना. म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेत गावभर फिरताहेत."

"काय विचारतो त्यांना?"

"मुलं येतात का, बोलतात का, असंच."

"मग माझी मुलाखत कधी घेणार?"

"घरच्यांची चालत नाही म्हणे, आई. ओळखीची माणसं नियमात बसत नाहीत."

"मग खुशाल ये म्हणावं त्याला. आता तेवढी ओळख राहिलेली नाही."