गाण्याचा शेवट

गाडीत लावतो त्या क्लासिक रॉक रेडिओ स्टेशनवरून आठवलं. बाबा इकडे परदेशात, माझ्याकडे अर्विंगला आले होते तेव्हा ऑफिसला जाताना मी त्यांना लायब्ररीपाशी सोडायचो. रेडिओवर रोज तेच एक गाणं लागायचं. मी वैतागायचो, "यांच्याकडे दुसरी गाणीच नाहीत."

बाबा म्हणायचे, "असू दे. मला आता शब्द कळायला लागलेत."

पुण्याला परतल्यावर एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "त्या गाण्यात शेवटी काय म्हणतो रे तो? मी नेहमी आधीच उतरायचो."

"मलाही माहीत नाही, बाबा. तुम्ही उतरलात की मी स्टेशन बदलायचो."

मग म्हणाले, "उद्या ऐक आणि सांग मला."

यार, दोन महिने रोज तेच स्टेशन लावतोय. बाकीची सगळी तीच जुनी गाणी लागतात, तेवढं एक लागत नाही.