वसंतरावांच्या सुट्या भिंती

मंडळी, काल संध्याकाळी शाळेच्या अध्यक्षांनी मला स्वतः सांगितलं, वसंतरावांची योजना रद्द झाली. म्हणजे माणूस गेला, आणि आठवड्याच्या आत त्याचं कामही गेलं. त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, समोर बसल्या आहेत. त्यांच्यासमोर हे बोलणं जड जातंय. पण बोलतो.

बालाजी घाटाच्या मागची आपली मुलींची शाळा तुम्हाला ठाऊक आहे. छत कधी खाली येईल, सांगता येत नाही. वसंतरावांचं आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलं. ते म्हणायचे, "अरे, या गलीत ट्रक येत नाही, वाळू टाकायला जागा नाही. ठोकाठोक केली तर शेजाऱ्याची भिंत पडेल. गंगा चढली की काम बंद, मिस्त्री शेतीला गावी. मग इथे वीट कशाला रचता? शेडमध्ये भिंती तयार करू, नावेनं आणू, जोडू. पुराच्या आत वर्ग उभे!"

यात चुकीचं काय होतं? सांगा ना, काय होतं?

त्यांना माहीत होतं, लोक कागदावरच्या नकाशाला भुलत नाहीत. म्हणून कॅन्ट स्टेशनजवळच्या शेडमध्ये त्यांनी नमुन्याची एक खोली उभी केली. आपण सगळे बघायला गेलो. कुणीतरी भिंतीवर टकटक केलं. "पोकळ आहे हो!" वसंतराव म्हणाले, "पोकळच हवी. उन्हाची धग आत येत नाही, उचलायला हलकी." कुणी ऐकलं नाही. सगळे टकटक करत सुटले.

मग जोशीकाकू म्हणाल्या, "वसंतराव, पोरींना डब्यात बसवणार का?"

"वहिनी, डब्यात बसूनच पुण्याला लग्नाला जाता ना?"

"जातो. पण उतरतो!"

काय हसलो आपण! गुरुजी म्हणाले, "वास्तुशांत करू, पण आधी चाकं काढा." पुन्हा हशा. वसंतरावही हसले. त्या दिवसापासून ती खोली ‘डब्बा’ झाली. बैठकीत कुणी विरोध केला नाही. फक्त कुणी गंभीरपणे बोललंच नाही.

तरी ते एकटे कामाला लागून राहिले. पायाची आखणी झाली होती. भिंती तयार आहेत. पण कुठला भाग कशाला जोडायचा, हे समजून घ्यायला आपल्यातलं कुणी त्यांच्याजवळ बसलं? कुणीच नाही. अध्यक्ष म्हणाले, "आता करणार कोण?"

आषाढ लागलाय. विटांचं काम आता दिवाळीपर्यंत सुरू होत नाही. छत पडण्याच्या भीतीनं उद्या शाळेला कुलूप लागेल. दूरच्या शाळेत किती घरं मुलींना पाठवतील, हे तुम्हीच जाणता. मोठ्या मुली बहुधा घरीच राहतील.

सकाळी सगळ्या मुली आपापल्या चटया न्यायला येतील.

उभे राहा, मंडळी. वसंतरावांसाठी थोडा वेळ कुणी काही बोलू नका.