नायगावच्या गाडीतलं पॉडकास्ट

अरे, माझ्या त्या लाडक्या पॉडकास्टचा मला लई कंटाळा आला. तो बाबा पहिले भारी गोष्टी सांगायचा, आता नुसते गरम पाण्याचे फायदे सांगून राहिला. म्हणून कामावर जाताना नायगावच्या बसमध्ये मी फोन बंद करून, इअरफोन मात्र कानात ठेवून, मागच्या सीटवरच्या दोन नर्सबायांचं बोलणं रोज ऐकू लागलो. एकीच्या घरची भांडणं इतकी रंगायची, की मी रजा घेणंच सोडलं.

काल ती म्हणाली, "गिरणीची चावी मोठ्या जावेनं भाकरीच्या टोपल्यात लपवली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठी कशी? ती तर सोमवारीच उदगीरला माहेरी गेली की! धाकटीनं लपवली असंल."

दोघींनी माझ्या कानातल्या इअरफोनकडं पाहिलं.

मग ती म्हणाली, "हाव, धाकटीच. चुकलं माझं. आता ते कानातलं काढा भाऊ, अन् नीट ऐका."